राखणदाराचा हिशेब

नवी दिल्लीच्या रेल्वे स्थानकातून पश्चिमेच्या बाजूने बाहेर पडून रस्ता ओलांडला, की पहाडगंजचा मुख्य बाजार लागतो. महाराष्ट्रातून काही कामानिमित्त राजधानीत आलेल्या माणसाचा पहिला मुक्काम पुष्कळदा ह्याच वस्तीत पडतो. पलीकडे आरामबागेत नूतन मराठी विद्यालय आहे. त्यामुळे दिल्लीतल्या मराठी कुटुंबांनाही हा भाग परका नाही. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी येथे दुकाने थाटली आणि पुढे देशोदेशींचे प्रवासी स्वस्त निवाऱ्यासाठी येथे येऊ लागले. आज ह्या अरुंद रस्त्याच्या दोन्ही अंगांना लहानमोठ्या हॉटेलांची नुसती दाटी आहे.

अशा कोणत्याही हॉटेलात तुम्ही शिरलात, की खोलीची किल्ली हाती पडण्याआधी एक गोष्ट घडते. व्यवस्थापक तुमच्यापुढे नोंदवही सरकवतो. नाव काय, गाव कोणते, कोठून आलात, कशासाठी आलात, पुढे कोठे जाणार, हे सारे त्याला लिहून हवे असते. ओळखपत्राची नक्कलही तो ठेवून घेतो. पाहुणा परदेशी असेल, तर त्याची माहिती चोवीस तासांच्या आत सरकारकडे पोहोचती करावी लागते. त्यात कसूर झाली तर जाब द्यावा लागतो तो हॉटेलवाल्याला. ह्यात कोणाला फारसा अपमानही वाटत नाही. राष्ट्राच्या सुरक्षिततेसाठी हे आवश्यक आहे असे आपण धरून चालतो, आणि ते योग्यच आहे.

मात्र ही नोंदवही पाहताना माझ्या मनात एक साधा विचार नेहमी येतो. येथे एका रात्रीपुरता उतरलेला नागरिक राज्यसंस्थेला स्वतःचा हिशेब देतो. त्याच नागरिकाच्या कराच्या पैशावर त्याच्या राखणीसाठी जी खाती चालतात, ती आपला हिशेब कोणाला देतात, आणि किती दिवसांनी? आजच्या भाषणात ह्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न पहाडगंजात विचारण्यास एक कारण आहे. २९ ऑक्टोबर २००५, शनिवार. दिवाळी अवघ्या तीन दिवसांवर आली होती. बाजार माणसांनी फुलला होता. संध्याकाळी साडेपाच वाजून गेल्यावर थोड्याच वेळात ह्या बाजारात स्फोट झाला. पाठोपाठ सरोजिनी नगरच्या बाजारात आणि गोविंदपुरी भागात एका बसजवळ, असे आणखी दोन स्फोट झाले. तिन्ही ठिकाणी मिळून साठांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. गोविंदपुरीच्या बसमध्ये एक बेवारशी पिशवी आढळताच चालक आणि वाहक ह्यांनी उतारूंना खाली उतरविले, म्हणून तेथील अनर्थ टळला. मात्र ती पिशवी दूर करताना चालकाने आपली दृष्टी गमावली.

खटला पुष्कळ वर्षे चालला. फेब्रुवारी २०१७ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने निकाल दिला. तीन आरोपींपैकी दोघे पूर्णपणे निर्दोष ठरले. तिसऱ्याला बंदी घातलेल्या संघटनेशी संबंध ठेवल्याबद्दल शिक्षा झाली आणि ती त्याने आधीच भोगलेली होती. स्फोट कोणी घडविले हे सिद्ध झाले नाही. निर्दोष सुटलेल्यांची अकरा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात गेली होती. ज्यांचे आप्त त्या संध्याकाळी बाजारातून परतले नाहीत, त्यांच्या पदरात उत्तर पडले नाही. आणि ज्यांनी गुन्हा केला असे सिद्ध झाले नाही, त्यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे परत देण्याची सोय कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात नाही. न्यायालयाने पुराव्यावरून निर्णय दिला. ते त्याचे काम. परंतु त्या निकालाच्या पलीकडे एक प्रश्न उरतो. राखणीसाठी राष्ट्राने जो पैसा दिला, त्याचे काय झाले, हे कोणी, कोठे आणि कोणत्या अधिकाराने विचारावयाचे?

आपल्या जुन्या गावगाड्यात ह्या प्रश्नाचे एक ठरलेले उत्तर होते. गावाला जागल्या असे. काही मुलखांत ही राखण रामोशांकडे असे. खळ्यावर धान्याची रास पडली की त्यांचा वाटा त्यांना मिळे. हा वाटा फुकटचा नव्हता. गावात चोरी झाली, तर राखणदाराने चोराचा माग काढावयाचा. पावलांचे ठसे शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन दाखविले म्हणजे तो माग पुढच्या गावाच्या राखणदाराने उचलावयाचा. माग शिवेच्या आतच हरवला, तर जबाबदारी आपल्या राखणदारावर येई. त्या व्यवस्थेत जातीची बेडी होती. महार वतनाच्या नावाखाली माणसे पिढ्यान्‌पिढ्या राबवून घेतली जात, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणले ते उगाच नव्हे. ती व्यवस्था परत यावी असे कोणीही म्हणणार नाही. तिच्यातले एक तत्त्व तेवढे ध्यानात ठेवण्याजोगे आहे: खळ्यावरचा वाटा आणि मागाची जबाबदारी ही एकाच दोरीत बांधलेली होती. वाटा देताना गाव प्रश्न विचारू शकत असे.

आजच्या भारताचे खळे म्हणजे संसद. पहाडगंजापासून ती तीन-चार किलोमीटरवर आहे. राज्यघटनेच्या ११४व्या अनुच्छेदाप्रमाणे संसदेने कायदा केल्यावाचून भारताच्या एकत्रित निधीतून एक रुपयाही काढता येत नाही. दरवर्षी सरकार अंदाजपत्रक मांडते, प्रत्येक खात्याच्या अनुदानाची मागणी लोकसभेपुढे ठेवते, आणि लोकसभा ती मंजूर करते, नाकारते किंवा कमी करते. वाढविण्याचा अधिकार मात्र तिला नाही. साऱ्या मागण्या संमत झाल्या, की त्यांचे एक विनियोजन विधेयक होते आणि त्याचा कायदा झाला म्हणजे तिजोरीचे कुलूप उघडते. सैन्याचा दारूगोळा, सीमेवरील चौकीतले कंदील, पहाडगंजच्या पोलीस ठाण्यातल्या शिपायाचा पगार, ह्या सर्वांची वाट ह्या एका दारातून जाते. दिल्लीचे पोलीस केंद्र सरकारच्या अखत्यारीत असल्यामुळे पहाडगंजच्या राखणीचा खर्चही केंद्राच्याच अंदाजपत्रकातून होतो.

हा अधिकार आपल्याला सहजासहजी मिळालेला नाही. १९०२ सालच्या मार्चमध्ये नामदार गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावरचे आपले पहिले भाषण केले. दुष्काळ आणि प्लेग ह्यांनी गांजलेल्या देशात सरकारच्या तिजोरीत शिल्लक दिसत होती, आणि सत्ताधारी ती समृद्धीची खूण मानीत होते. गोखल्यांनी आकड्यांवर आकडे ठेवून दाखविले, की ही शिल्लक म्हणजे गरिबांकडून गरजेपेक्षा अधिक वसूल केलेला कर आहे. लष्करावरील खर्चाच्या ओझ्यावर त्यांनी नेमके बोट ठेवले. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. आणि हे सारे करताना गोखल्यांच्या हाती मत देण्याचा अधिकार नव्हता! १८९२च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येत होते; मत देता येत नव्हते. १९१९च्या सुधारणांनी काही खर्चावर मताचा अधिकार दिला, पण संरक्षणाचा खर्च त्यातून मुद्दाम वगळला. राखणदार सरकारचा, पैसा रयतेचा, आणि रयतेने तोंड उघडायचे ते केवळ बोलण्यापुरते, अशी ती व्यवस्था होती.

२६ जानेवारी १९५० रोजी ती संपली. संरक्षण असो वा पोलीस, लोकांच्या प्रतिनिधींनी मंजुरी दिल्यावाचून खर्च नाही, हा नियम राष्ट्राने स्वीकारला. दिलेला पैसा ठरलेल्या कामीच लागला का, हे पाहण्यासाठी नियंत्रक व महालेखापरीक्षक हे पद निर्माण झाले. हा अधिकारी राज्यघटनेत बहुधा सर्वांत महत्त्वाचा आहे, असे मत डॉ. आंबेडकरांनी १९४९ साली घटना समितीत व्यक्त केले होते. त्याचे अहवाल संसदेपुढे येतात आणि लोकलेखा समिती त्यांची छाननी करते. १९६७ पासून त्या समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात पडला आहे. लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर ह्यांच्या काळात अंदाज समिती सुरू झाली. एखाद्या खात्याविषयी गाऱ्हाणे मांडावयाचे असेल, तर त्या खात्याच्या मागणीतून शंभर रुपये कमी करावेत अशी कपात सूचना सभासदाला आणता येते. शंभर रुपयांनी खात्याचे काही बिघडत नाही. पण त्या निमित्ताने मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते. गोखल्यांना अशी एक सूचना आणण्याचा अधिकार मिळाला असता, तर त्यांनी तिचे काय सोने केले असते, ह्याची कल्पना करावी!

आता आपण तो अधिकार कसा वापरतो ते पाहू. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात गृह मंत्रालयासाठी सुमारे २,३३,२१० कोटी रुपये ठेवले होते. त्यातले सुमारे १,६०,३९१ कोटी पोलीस ह्या सदराखाली होते. केंद्रीय राखीव पोलीस दलाला सुमारे ३५,१४७ कोटी, सीमा सुरक्षा दलाला सुमारे २८,२३१ कोटी, दिल्ली पोलिसांना सुमारे ११,९३१ कोटी. संरक्षण मंत्रालयाचा आकडा वेगळा. तो सुमारे ६,८१,००० कोटींच्या घरात होता. एवढ्या रकमा मंजूर करताना कित्येक तासांची चर्चा होत असेल, असे आपल्याला वाटेल. पण अर्थसंकल्पी अधिवेशनाचे दिवस मोजके असतात. ठरलेल्या दिवशी ठरलेली वेळ आली, की ज्या मागण्यांवर चर्चा झालेली नसते त्या सर्व एकदम मताला टाकल्या जातात. ह्या पद्धतीला गिलोटिन म्हणतात. फ्रान्सच्या राज्यक्रांतीत ज्या यंत्राने शिरच्छेद होत असे, त्याचेच हे नाव. येथे चर्चेचा शिरच्छेद होतो. २०१८ साली आणि पुन्हा २०२३ साली लोकसभेत सर्वच खात्यांच्या मागण्या अशा रीतीने एका फटक्यात संमत झाल्या. २०२३ साली ती रक्कम सुमारे पंचेचाळीस लाख कोटींची होती. सभागृहात गोंधळ चालू होता, आणि त्या गोंधळात कोणा एका पक्षाचाच हात होता असे नाही.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. १९९३ पासून खातेनिहाय स्थायी समित्या काम करीत आहेत. सभागृहाचे कामकाज मध्ये काही काळ थांबते, तेव्हा त्या मागण्यांची छाननी करतात, अधिकाऱ्यांना बोलावून प्रश्न विचारतात, अहवाल देतात. रिकाम्या राहिलेल्या जागा, न बांधलेल्या वसाहती, पडून राहिलेला निधी, ह्यांविषयी त्यांच्या अहवालांत पुष्कळ उपयुक्त माहिती सापडते. परंतु खात्याच्या दैनंदिन कारभारात शिरण्यास त्यांना मनाई आहे. आणि ज्या खर्चावर गुप्ततेचा पडदा आहे, त्याच्या आत त्यांना फारसे पाहता येत नाही.

ह्या पडद्याचा विचार आता करावयास हवा, कारण खरी अडचण तेथे आहे. १९६८ हे साल ह्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी यशवंतराव चव्हाण गृहमंत्री होते. त्या वर्षी संसदेने सीमा सुरक्षा दलाचा कायदा केला आणि औद्योगिक सुरक्षा दलाचाही केला. ही दले कशासाठी आहेत, त्यांचे अधिकार काय, त्यांच्या जवानाने गुन्हा केला तर त्याचा न्याय कोणी करावयाचा, हे सारे त्या कायद्यांत कलमवार लिहिलेले आहे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये परदेशांतील गुप्तवार्ता मिळविण्यासाठी ‘रॉ’ ही संस्था स्थापन झाली. रामेश्वरनाथ काव हे तिचे पहिले प्रमुख. ह्या संस्थेसाठी मात्र संसदेचा कोणताही कायदा झाला नाही. सरकारच्या आदेशाने ती अस्तित्वात आली. देशांतर्गत गुप्तवार्तेचा जो विभाग आहे, त्याचा जन्म तर १८८७ सालचा, ब्रिटिश अमदानीतला. घटनेच्या सातव्या अनुसूचीत अशा विभागाचा उल्लेख आहे. पण त्याची कर्तव्ये आणि मर्यादा सांगणारा स्वतंत्र कायदा अजून झालेला नाही. १९८५ साली गुप्तवार्ता संघटनांविषयी जो एक कायदा झाला, तो तेथील कर्मचाऱ्यांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा आहे. संस्थेने काय करावे आणि काय करू नये, हे तो सांगत नाही. ह्याच्या उलट मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ रोजी झालेल्या हल्ल्यानंतर राष्ट्रीय तपास यंत्रणा स्थापन झाली, ती संसदेच्या कायद्याने झाली. म्हणजे मनात आणले, तर कायदा होऊ शकतो.

तेव्हा ह्या गुप्त संस्थांच्या बाबतीत दरवर्षीचे विनियोजन विधेयक हेच काय ते संसदेच्या संमतीचे चिन्ह उरते. त्यातही देशांतर्गत गुप्तवार्ता विभागाचा आकडा निदान छापला जातो. २०२५-२६ साठी तो सुमारे ३,८९३ कोटी होता, म्हणजे गृह मंत्रालयाच्या दर शंभर रुपयांत पावणेदोन रुपयांहूनही कमी. ‘रॉ’चा आकडा तिच्या नावाने कोठेच दिसत नाही. गुप्त सेवेवरील खर्चाच्या पावत्या नेहमीच्या लेखापरीक्षणासाठी मांडल्या जात नाहीत; नेमलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याने खर्च योग्य कामी झाल्याचे प्रमाणपत्र दिले म्हणजे ते पुरते. माहितीच्या अधिकाराचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ रोजी पूर्णपणे अमलात आला, म्हणजे पहाडगंजच्या स्फोटाच्या अवघे सतरा दिवस आधी. त्याच्या चोविसाव्या कलमाने ह्या संस्था कायद्यातून वगळल्या आहेत; भ्रष्टाचाराचे आणि मानवी हक्कभंगाचे आरोप तेवढे अपवाद. गुप्तचर संस्थांवर संसदेची देखरेख असावी, ह्यासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली होती. ती २०१६ साली फेटाळली गेली. खासदार मनीष तिवारी ह्यांनी २०११ साली लोकसभेत ह्या विषयावर खासगी विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही.

ह्यावर एक बिनतोड वाटणारे उत्तर दिले जाते, आणि त्यात तथ्य आहे हे आधी मान्य केले पाहिजे. खबऱ्याची सही पावतीवर घेता येत नाही. ज्या माणसाने जीव धोक्यात घालून बातमी आणली, त्याचे नाव हिशेबाच्या कागदावर आले तर तो वाचणार नाही, आणि उद्या दुसरा कोणी बातमी आणणार नाही. हे शहाणपण आजचे नव्हे. कौटिल्याने अर्थशास्त्रात विद्यार्थी, संन्यासी, व्यापारी अशा वेषांत वावरणाऱ्या हेरांना एक हजार पण वेतन नेमून दिले आहे. म्हणजे हेरांचा खर्च हा राज्याच्या खर्चाचा नियमित भाग आहे, हे त्याने ओळखले होते. शिवछत्रपतींच्या पराक्रमामागे बहिर्जी नाईकांची नजरबाज माणसे होती, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. बहिर्जींनी आपल्या माणसांची यादी चावडीवर लावावी, असे कोणी म्हणणार नाही.

पण येथे तीन निरनिराळे प्रश्न आहेत आणि आपण ते एकत्र गुंडाळतो. पैसा कोणाला दिला, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर गुप्त राहिलेच पाहिजे. पैसा किती दिला, हा दुसरा. त्याचे उत्तर निदान राष्ट्राच्या मोजक्या प्रतिनिधींना ठाऊक असावयास हवे. त्या पैशातून काय निष्पन्न झाले आणि त्याचा गैरवापर तर झाला नाही ना, हा तिसरा. ह्याचे उत्तर बंद दारांआड का होईना, पण सरकारच्या बाहेरच्या कोणाला तरी द्यावे लागले पाहिजे. पहिल्या प्रश्नाच्या गुप्ततेचे पांघरूण तिन्ही प्रश्नांवर घातले, की राखणदार निर्भय होतो आणि गाव भिते.

ज्यांची संसदीय पद्धत आपण उचलली, त्या ब्रिटनमध्येही पुष्कळ काळ अशीच स्थिती होती. सैन्याच्या बाबतीत तेथील संसद १६८९ पासून जागरूक होती. संसदेच्या संमतीवाचून शांततेच्या काळात खडे सैन्य ठेवावयाचे नाही, असे तिने राजाला बजावले. गुप्तचरांच्या बाबतीत मात्र तिला फार उशिरा जाग आली. १९८९ आणि १९९४ साली कायदे होऊन त्या संस्थांना कायदेशीर रूप मिळाले, आणि संसदेच्या सभासदांची एक लहानशी समिती नेमण्यात आली. ही समिती बंद खोलीत हिशेब आणि कारभार तपासते. तिचा अहवाल छापला जातो तेव्हा नाजूक आकड्यांच्या जागी तारका असतात. तिन्ही संस्थांचा मिळून एकच एकत्रित आकडा जाहीर होतो. ह्यामुळे ब्रिटनचे हेर उघडे पडले असे ऐकिवात नाही.

अमेरिकेची गोष्ट अधिक बोलकी आहे. १९४९ च्या कायद्याने तेथील मध्यवर्ती गुप्तचर संस्थेच्या प्रमुखाला स्वतःच्या प्रमाणपत्रावर खर्च करण्याची मुभा मिळाली. १९७५ साली सिनेटर चर्च ह्यांच्या समितीने चौकशी केली, तेव्हा परकीय पुढाऱ्यांच्या खुनाचे कट आणि स्वदेशी नागरिकांवरची पाळत असे पुष्कळ काही बाहेर आले. त्यानंतर दोन्ही सभागृहांत कायमच्या समित्या झाल्या; गुप्तवार्तेच्या कामाला दरवर्षी कायद्याने संमती देण्याची पद्धत पडली; २००७ च्या कायद्यानंतर तर खर्चाचा एकूण आकडाही दरवर्षी जाहीर होऊ लागला. ह्या समित्या असतानाही ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला टळला नाही, हे खरे आहे. देखरेखीने प्रत्येक संकट टळते असा दावा कोणी करू नये. पण हल्ल्यानंतर चूक कोठे झाली हे शोधण्याची आणि देशाला सांगण्याची वाट तेथे खुली होती. पहाडगंजच्या बाजारातील माणसाला नेमकी तीच वाट दिसत नाही.

आपल्याकडेही अशा वागणुकीचा एक धडा आहे. १९६२ च्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीत आले. सैन्याचे काय चुकले ह्याची चौकशी हेंडरसन ब्रुक्स आणि भगत ह्या दोन अधिकाऱ्यांनी केली. तो अहवाल सरकारने अद्याप प्रसिद्ध केलेला नाही. पण सप्टेंबर १९६३ मध्ये चव्हाणांनी लोकसभेत उभे राहून त्याचा मथितार्थ सांगितला. प्रशिक्षणात, साधनसामग्रीत आणि नेतृत्वाच्या रचनेत कोठे उणिवा राहिल्या, हे त्यांनी सभागृहापुढे ठेवले. सर्व काही त्यांनी सांगितले असे नव्हे. आणि पुष्कळांचे तेवढ्याने समाधान झाले नाही, हेही खरे. परंतु मुलखाच्या राखणीत कसूर झाली असता राष्ट्रापुढे येऊन बोलावे लागते, हे त्यांनी मानले. पुढच्या काळात संरक्षणावरचा खर्च वाढला आणि त्यासाठी देशाने करांचा वाढता भार सोसला. मागाचा हिशेब थोडा तरी मिळाला, म्हणून खळ्यावरचा वाटा देताना गावाने हात आखडला नाही, असे मला वाटते.

म्हणून श्रोतेहो, ह्या बाबतीत आपली मागणी माफक असावी. गुप्तचर संस्थांची कर्तव्ये, अधिकार आणि मर्यादा सांगणारा एक कायदा व्हावा. दोन्ही सभागृहांतल्या थोड्या, अनुभवी आणि गुप्ततेची शपथ घेतलेल्या सभासदांची एक समिती असावी, आणि तिच्यापुढे हिशेब यावा. महालेखापरीक्षकाच्या विश्वासातल्या एखाद्या अधिकाऱ्याला तो हिशेब तपासता यावा. गृह आणि संरक्षण ह्या खात्यांच्या मागण्यांपैकी निदान एक तरी दरवर्षी लोकसभेत चर्चेला यावी. ती गिलोटिनच्या पात्याखाली जाऊ नये. ह्यांतल्या कोणत्याही गोष्टीने शत्रूच्या हाती काही लागणार नाही. उलट जे अधिकारी निष्ठेने काम करतात, त्यांचे हात त्यामुळे बळकटच होतील. राजकीय विरोधकांवर पाळत ठेवण्याचा तोंडी हुकूम उद्या कोणी दिला, तर कायद्याचे पुस्तक पुढे करून नकार देण्याची सोय त्यांना मिळेल. आणि पैसा अपुरा पडत असेल, माणसे कमी पडत असतील, तर ते सांगण्यालाही त्यांना एक हक्काची जागा मिळेल. राखणदाराला हिशेब विचारणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविणे नव्हे. विश्वासाच्या माणसाकडूनही आपण व्यवहार लिहून घेतो, तो विश्वास टिकावा म्हणूनच.

रात्री उशिरा पहाडगंजचा बाजार ओसरतो. फेरीवाले गाठोडी बांधतात, दुकानांची शटरे खाली येतात. स्थानकावर शेवटच्या गाडीने उतरलेला प्रवासी पिशवी घेऊन एखाद्या हॉटेलात शिरतो, आणि नोंदवहीत आपले नाव-गाव लिहून देतो. त्याला झोप आलेली असते, तरी तो ते लिहितो. समोर भिंतीजवळ पहाऱ्याचा शिपाई उभा असतो. त्या शिपायाच्या पगारात ह्या प्रवाशाच्या कराचे चार पैसे आहेत, आणि प्रवाशाची निर्धास्त झोप त्या शिपायाच्या जागरणावर अवलंबून आहे. दोघांमध्ये हा करार आहे. एका बाजूची नोंद रोज रात्री ह्या वहीत होते. दुसऱ्या बाजूची नोंद वर्षातून एकदा संसदेच्या वहीत व्हावयाची असते. ती नीट वाचून, विचारून, समजून मगच सही करणे हे आपण निवडून दिलेल्या माणसांचे काम आहे, आणि त्यांनी ते केले की नाही, हे विचारणे आपले.